एलीसेओच्या नावाची ओळ

९ जून, सोमवार

आज व्लास्ताचं पत्र आलं. मला एकटीला नाही, या कामात रस असलेल्यांच्या यादीतल्या सगळ्यांना. दृष्टी नसलेल्यांसाठी जे बोलके डबे असतात, पडद्यावरचं वाचून दाखवणारे, त्यांचे अकरा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला डब्याशी बोलायला शिकवणाऱ्या फायली, लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात आहेत आणि ते ही बाई सांभाळते. दूर ब्रनो शहरात राहते, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक. लिहिते की अकरा फायलींत त्याच चाळीस ओळी अकरा वेळा उतरवून ठेवल्या आहेत. एक चूक सापडली की अकरा ठिकाणी सुधारायची, आणि आता तिच्याच्यानं ते होत नाही. कोणीतरी त्या ओळींचं एक सामायिक फंक्शन करून द्या, नाहीतर वर्षअखेरीस मी अकराही ड्रायव्हर काढून टाकते.

अकरातला एक एलीसेओच्या डब्याचा. इथेच आमच्या तुकुमान शहरातल्या एका कारखान्यात बनलेला, राखाडी, पावाच्या ट्रेएवढा. कारखाना केव्हाच बंद पडला. माझा हा भाऊ एकोणिसाव्या वर्षी आंधळा झाला आणि सव्वीस वर्षं या डब्याच्या जिवावर कोर्टात नोकरी करतोय. सकाळी कोर्टात हजर राहून सुनावणीचं ध्वनिमुद्रण घ्यायचं, दुपारी घरी ते ऐकून टाइप करायचं आणि मग डब्याकडून वाचून घेऊन तपासायचं. इतक्या वेगानं ऐकतो की मला बाटलीत माशी अडकल्यासारखं वाटतं. दुसरे सगळे आवाज त्यानं वापरून पाहिले, त्या वेगात ते गिचमिड होतात. कोर्टाचा नियम असा की दर काही महिन्यांनी मशीन अद्ययावत करायचं. म्हणजे ड्रायव्हर गेला की डबा मुका, आणि डबा मुका की नोकरी गेली. छप्पन्नाव्या वर्षी आंधळ्या टंकलेखकाला कोण बसवून घेतं?

मी करते म्हणून लिहून टाकलं. मग घाम फुटला. तंत्रशाळेनं माझा वर्ग बंद करून माझ्या हातात साहित्याच्या खोलीच्या किल्ल्या दिल्या, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही.

एलीसेओ म्हणाला, "तू? स्क्रू मोजणारी बाई?"

"स्क्रू मोजते म्हणून अक्कल गहाण नाही टाकलेली," मी म्हटलं.

१५ जून, रविवार

अकरा फायली शेजारीशेजारी मांडून दिवसभर वाचल्या. काम साधंच आहे. संगणक डब्याला अक्षरं भरवतो. डब्याचं पोट भरलं की तो म्हणतो बास. संगणक थांबतो. पोट रिकामं झालं की डबा म्हणतो आण, मग पुढची अक्षरं. पहिल्या माणसानं हे लिहिलं, बाकीच्या दहांनी डोळे मिटून उतरवलं. पहिल्यानं एका जागी आपल्या कुत्र्याचं नाव वापरलंय, तर ते कुत्रं अकराही फायलींत फिरतंय. खूप दिवसांनी एकटीच हसले.

फक्त एलीसेओच्या डब्याच्या फायलीत तीन ओळी जास्तीच्या आहेत. डबा 'आण' म्हणाला तरी लगेच द्यायचं नाही, आणखी एक क्षण, डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी, थांबायचं. का, ते कुठेच लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्याच्या पत्त्यावर विचारलं, पत्र परत आलं.

२२ जून, रविवार

पहिली आवृत्ती पाठवली होती. सामायिक फंक्शन केलं आणि त्यात एलीसेओच्या डब्यासाठी तेवढी सवलत ठेवली. व्लास्ताचं उत्तर आलं, नेहमीसारखं कोरडं. सामायिक फंक्शनात एकट्याचे लाड नकोत, नाहीतर सामायिक कशाला म्हणायचं. त्या तीन ओळी कोणीतरी चूक शोधताना घातल्या आणि काढायला विसरला असं दिसतं. त्या का आहेत ते सांगता येत नसेल तर काढा. डबा तुमच्याकडे आहे, चाचणी घ्या.

बरोबरच आहे तिचं. मी जेवताना एलीसेओला सांगितलं. तो म्हणाला, "तो कारखानेवाला काब्रेरा, ज्यानं ती फाइल लिहिली, महाआळशी माणूस. फुकटच्या तीन ओळी लिहील होय तो?"

बाकी काब्रेराच्या आळसाचे किस्से त्यानं तासभर ऐकवले. सारण भरलेल्या एम्पानादा खाऊन पोट दुखलं की हसून, कळलं नाही.

२८ जून, शनिवार

आज चाचणी. तीन ओळी काढून नवा गाभा त्याच्या मशीनवर चढवला. आवाजाचा वेग अगदी कमी केला, म्हणजे मलाही कळावं. एक, दोन, तीन असं टाइप केलं. डबा बोलला. शुभ प्रभात टाइप केलं, ते बोलला. एलीसेओ व्हियाग्रान टाइप केलं तर नाव अगदी दिमाखात घेतलं. कुठे अडखळला नाही की काही नाही. मग वेग पुन्हा वाढवून त्याला म्हटलं, आता तू तुझं रोजचं काम करून बघ, आणि स्वयंपाकघरात गेले.

अर्ध्या तासानं आले तर तो हात मांडीवर ठेवून बसला होता.

"काय, चालतंय का?"

त्यानं डब्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "नाही चालत म्हटलं तर?"

"तर त्या तीन ओळी परत घालायच्या. व्लास्ता ते घेणार नाही. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. आणि मला दुसरं काही सुचत नाहीये, खरं सांगते."

"चालतंय," तो म्हणाला.

"नीट?"

"मिंदा, चालतंय म्हटलं ना. डोकं खाऊ नकोस."

मग मी त्याला या कामातली रीत सांगितली. पॅचच्या, म्हणजे पाठवलेल्या बदलाच्या, खाली एक ओळ लिहितात, चाचणी कोणी घेतली त्याची, नाव आणि पत्ता. एकदा गाभ्यात गेली की ती ओळ कोणालाही खोडता येत नाही, आम्ही मेल्यावरसुद्धा. त्यानं ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. 'चाचणी: एलीसेओ व्हियाग्रान.' म्हणाला, आई असती तर गल्लीतल्या प्रत्येक बाईला बोलावून ऐकवलं असतं.

बदललेला गाभा त्याच्या मशीनवर तसाच ठेवला. उगाच काढत कोण बसणार, आज ना उद्या तोच येणार आहे.

९ जुलै, बुधवार

सुट्टी. तोफा, झेंडे, गल्लीभर मक्याच्या लोक्रो-रश्शाचा वास. शेजारच्या चिचाबाईनं मोठं पातेलं चढवलं होतं आणि एलीसेओ दरवर्षी तिथं पहिल्या वाढपाला हजर असतो. या वर्षी खोलीतून बाहेर आला नाही. दार ढकललं तर हा टाइप करतोय. त्याच त्याच जागी मागे जातोय, पुढे जातोय.

"देशाचा वाढदिवस आहे, माणसात ये."

"देशाला माझ्याकडून शुभेच्छा सांग," म्हणाला. वाटी खोलीत नेऊन दिली. संध्याकाळी तशीच होती, वर चरबीचा थर धरलेला.

व्लास्तानं तिसरी आवृत्ती परत पाठवली. ओळी आत-बाहेर झाल्यात म्हणे. बाईच्या डोळ्यांत मोजपट्टी बसवलेली असावी.

२४ जुलै, गुरुवार

"घेतला, आभार."

दोनच शब्द, पण मी ते वीसदा वाचले. अकरा फायलींतून चारशे बारा ओळी गेल्या आणि अठ्ठावन्न आल्या. ते कुत्रंही गेलं, त्याचं जरा वाईट वाटलं. शाळेत जाऊन साहित्याच्या खोलीत मावणार नाही इतकी फुगले होते, शेवटी शिपायाला सांगितलं. त्याला काही कळलं नाही, पण त्यानं अभिनंदन केलं.

एलीसेओला त्याच्या नावाची ओळ परत वाचून दाखवली. तो म्हणाला, "आज सकाळी तू न्हाणीघरात गात होतीस."

"मग?"

"दोन वर्षांनी गायलीस. बेसूर."

मी टॉवेल फेकून मारला. आयुष्यात काहीतरी धड केलं असं आज वाटतंय, आणि ते इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

ऊस जाळायला लागलेत. दोरीवरचे सगळे पांढरे कपडे काळ्या राखेनं माखले, पुन्हा धुवावे लागले.

एलीसेओचं एक नवंच खूळ. छापलेली पानं घेऊन आला आणि म्हणाला, प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द तेवढा वाच. फक्त शेवटचा. मी वाचत बसले, 'नाही', 'घरी', 'मंगळवारी', 'ओळखत नाही'. चार पानं झाल्यावर विचारलं, हे कसलं काम म्हणायचं?

"तुझ्या डोळ्यांना व्यायाम देतोय. माझ्या डोळ्यांना देऊन काय उपयोग?"

व्लास्तानं मला आणखी एक साफसफाईचं काम दिलंय, आपणहून. मी म्हटलं, मलाही माझी कामं आहेत रे. तो बरं म्हणाला आणि पानं घेऊन गेला. परत आला नाही मागायला, ते बरंच झालं.

२० ऑगस्ट, बुधवार

एलीसेओ दुपारची झोपसुद्धा घेत नाही आजकाल. रविवारीही काम. कोर्टानं काम वाढवलंय म्हणतो. सव्वीस वर्षांनी का होईना, त्यांना चांगल्या माणसाची किंमत कळली. फक्त बारीक झालाय. मी त्याच्या आवडीच्या तळलेल्या गोड पुऱ्या करून दिल्या, तर दोन घास खाऊन उठला.

३ सप्टेंबर, बुधवार

कोर्टातून सेन्योरा सेर्दाचा फोन. ती त्याची वरिष्ठ, सरळ बाई, पण कधी घरी फोन करत नाही. त्यानं फोन घेऊन अंगणात जाऊन दार लावून घेतलं. पंधरा मिनिटं.

"काय म्हणाली?"

"तब्येत विचारत होती."

बाई माणुसकीची आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रस्त्यावरच्या कडू संत्र्यांना मोहोर आलाय, सगळं शहर वासानं भरलंय. एलीसेओनं आठवडाभर रजा टाकली. तरी रोज सकाळी आठला टाय लावून काठी घेऊन चौकात जातो आणि साडेबाराला परत येतो. सवय म्हणे. डबा बंद आहे. त्यालाही विश्रांती हवीच.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

औषधांच्या दुकानात सेन्योरा सेर्दा भेटली. मी हसून म्हटलं, रजा संपली की पाठवते तुमच्या माणसाला. तिनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही का?"

पाच तारखेला त्याला काढलं. त्याआधी तीन लेखी ताकिदी. एका साक्षीदार मुलीचं वय सतरा होतं, कागदावर एकाहत्तर गेलं, आणि त्यावर सुनावणी पुढे ढकलावी लागली. "सव्वीस वर्षांत स्वल्पविराम चुकला नव्हता हो त्यांचा," ती म्हणाली. "आणि हे जुलैपासून. दर वेळी वाक्याचा शेवटचा शब्दच. बाकी सगळं बरोबर. शेवटी काम इतकं हळू करायला लागले, की एका दिवसाला तीन दिवस. आम्हाला काही कळेना."

मला कळलं. तिथेच, औषधाच्या रांगेत उभी असताना.

घरी आले. तो चौकात होता. डबा सुरू केला, वेग कमी केला आणि वर्तमानपत्रातली एक लांबलचक बातमी त्याला दिली. पहिलं वाक्य चाळीस शब्दांचं. एकोणचाळिसाव्या शब्दावर तो गप्प झाला आणि पुढचं वाक्य सुरू केलं. दुसरं वाक्य, तेच. डब्याचं पोट भरतं, तो 'आण' म्हणतो, पण म्हणतो तेव्हा त्याचा घास अजून खाली गेलेला नसतो. त्या वेळी दिलेली अक्षरं सांडून जातात. शेवटचा शब्द एलीसेओला ऐकूच येत नव्हता, मग टाइप करताना तिथे झालेली चूक त्याला कळणार कशी. काब्रेराला हे ठाऊक होतं. म्हणून त्यानं तीन ओळी लिहिल्या आणि आळशी म्हणून कारण लिहिलं नाही.

आणि मी एक, दोन, तीन टाइप करून चाचणी घेतली. तेवढ्यानं त्याचं पोट भरतं का कधी? पंचवीस वर्षं मुलांना शिकवलं की यंत्र तपासायचं तर त्याला थकवून तपासा. थू माझ्यावर.

साडेबाराला तो आला, टाय सैल करत.

"सेर्दा भेटली," मी म्हटलं.

तो खुर्ची शोधून बसला.

"तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"पहिल्या पानावर."

"मग चालतंय असं का म्हणालास?"

"तू म्हणालीस, पुन्हा पहिल्यापासून. म्हणालीस, दुसरं सुचत नाही. मला वाटलं ड्रायव्हरच जाईल. शेपूट तुटलं तरी कुत्रं तर राहील." त्यानं टाय काढून हातावर गुंडाळला. "आणि तू परत ते किल्ल्यांचं तोंड करून बसली असतीस. दोन वर्षं ते तोंड मी ऐकलंय, मिंदा."

"नोकरी होती ती तुझी."

"वाटलं, जमवून घेईन. एकेक शब्द मागे जाऊन ऐकत होतो. जमलं नाही."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. जेवण वाढलं. दोघंही जेवलो नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

काल तीन ओळी परत घातल्या, या वेळी वर चार ओळींचं कारण लिहून. त्याच्या मशीनवर चढवलं. तीच बातमी दिली आणि प्रत्येक वाक्याचा शेवट त्याच्याकडून वदवून घेतला, मी कागद हातात धरून. सगळे शब्द आले. चौतीस वाक्यं, चौतीस शेवट. काम चाळीस मिनिटांचं निघालं.

दुरुस्तीचा पॅच पाठवताना कारण लिहावं लागतं, की आधी चाचणी झाली असताना हे कसं सुटलं.

"लिही, चाचणी घेणारा खोटं बोलला," एलीसेओ म्हणाला.

मी लिहिलं, चाचणी अपुरी होती आणि चूक माझी आहे. हेही खरंच आहे. त्याच्या नावाची जुनी ओळ तिथेच आहे, ती खोडता येत नाही. मीच तर मोठ्या तोऱ्यात त्याला तसं सांगितलं होतं.

मागचे दोन दिवस सेर्दाच्या मागे लागले होते. आज सकाळी ती घरीच आली. दोष यंत्राचा होता, त्याचा नाही, हे तिला सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं की त्याच्या जागी माणूस घेतलेलाच नाही. आता बोललेलं परस्पर लिहून काढणारं यंत्र बसवलंय, एक मुलगी ते पडद्यावर बघून दुरुस्त करते. पडद्यावर बघून. "तुमच्या भावाला मी परत कुठे बसवू, तुम्हीच सांगा," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, त्याचा काय उपयोग.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

व्लास्ताचं उत्तर आलं. या वेळी चांगलं मोठं, आणि सभ्य. दुरुस्ती योग्य आहे, कारणही पटलं. पण एका डब्यासाठी सामायिक फंक्शनात फाटा फोडायचा आणि तो मी पुढे वर्षानुवर्षं सांभाळायचा, तर एकच विचारते. हा डबा आज कोणी रोज वापरतं का? एक माणूस असला तरी मी आजच घेते. कोणीच नसेल तर तो एक ड्रायव्हर काढणं बरं, बाकी दहा नीट आहेत.

म्हणजे माझा एक शब्द. 'हो' लिहिलं की झालं. ब्रनोहून कोण बघायला येतंय?

दिवसभर उत्तर लिहिलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

आज त्याला विचारलं. तो अंगणात ओट्यावर बसून मातेचा कडू चहा पीत होता, पाणी पार कोमट झालेलं.

"'नाही' म्हणून लिही," तो म्हणाला.

"तू वापरतोस की. वर्तमानपत्र ऐक त्याच्यावर. कधी दुसरं काम मिळालं तर?"

"कुठलं काम, मिंदा?"

त्यानं माते पुन्हा भरली आणि माझ्या हातात दिली.

"एक 'हो' लिहिलं की राहील तो," मी म्हटलं. "तुझाच आहे. जगात हा एकच उरलाय."

"माझ्या एका 'हो'वर तू एकदा विसंबलीस. ती बाई तुझ्यावर विसंबते. आता खरं लिही."

लिहिलं. कोणी नाही. तासाभरात तिचं उत्तर, प्रामाणिकपणाबद्दल आभार, आणि ही फाइल तुमच्याइतकी कोणाला माहीत नाही, तेव्हा काढून टाकण्याचा पॅच तुम्हीच पाठवाल का.

दुपारी बसून केला. तीनशे शहाऐंशी ओळी; काब्रेराच्या तीन तर मी आधीच काढल्या होत्या. सामायिक फंक्शनात फाटा पडलाच नाही, आता ते दहा डब्यांचं आहे आणि खरंच सुंदर दिसतं. पुन्हा बांधून पाहिलं, पहिल्याच फटक्यात बांधलं गेलं, एकही तक्रार नाही. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून याआधी झालं नव्हतं. पाठवला. व्लास्तानं एकही खोट काढली नाही.

"काय म्हणाली?" एलीसेओनं आतून विचारलं.

"घेतला."

"चांगलं झालं," तो म्हणाला.

मला रडू आलं. तोंडावर हात दाबून धरला, तरी त्याला ते ऐकू गेलं. त्याला सगळंच ऐकू जातं.